बस्ता सुटला, कागद वाचायचा राहिला

आदिलाबाद जिल्ह्यातला जुना कागद समोर आला की मजकुराआधी लिपी ओळखावी लागते. महसुलाचा असेल तर उर्दू. वतनाचा, देवस्थानाचा, सावकाराच्या वहीतला असेल तर बरेचदा मोडी. शाळेतला असेल तर बाळबोध मराठी, नाहीतर तेलुगू. आणि नारनूरकडच्या गुंजाळा गावात जपलेल्या पोथ्यांपैकी असेल तर गोंडीची स्वतःची लिपी. पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांपैकी बहुतेकांना यातल्या एखाददुसऱ्या लिपीपलीकडे काही वाचता येत नाही. पण आमच्या जमिनी, आमची आडनावं, आमच्या गावच्या शिवा, सगळ्याचा पुरावा याच कागदांत आहे.

माझ्या लहानपणी कागद बघायचा म्हणजे माणसाकडे जावं लागायचं. तहसीलीच्या रेकॉर्डरूममध्ये बस्ते रचलेले असत, जाड कापडात बांधलेले, गाठीला गावाच्या नावाची चिठ्ठी. अर्ज द्यायचा, तिकीट लावायचं, आणि कारकुनाला वेळ झाला की नक्कल मिळायची. ती नक्कल घेऊन वडील घरी येत नसत. आमच्या गल्लीत एक निवृत्त पेशकार राहायचे, आधी त्यांच्या ओट्यावर जात.

"पेशकार साहेब, जरा नजर टाकता का?"

"या या मास्तर, बसा. बेटा, माझा चष्मा आण बरं आतून."

मग ते कागद गुडघ्यावर पसरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचू लागत. बहुतेक वेळा 1954-55 ची खासरा पहाणी असायची. हैदराबाद राज्य भारतात आल्यानंतर जमिनीची जी मोठी नोंद झाली ती ही, आणि तेलंगणात आजही वाद पडला की लोक तिच्यापर्यंत मागे जातात. सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, पट्टेदार कोण, काबिज कोण, पाणी विहिरीचं की ओढ्याचं, असं एकेक खण ते मराठीत सांगत जायचे. मध्येच थांबून म्हणायचे, "इथं नुक्ता पडलाय, त्याच्याकडं लक्ष देऊ नका, हा पटवारी घाईत लिहायचा." कुठला पटवारी कसा लिहितो, कुणाचा 'काफ' कुणाच्या 'गाफ'सारखा दिसतो, कोणत्या गावाचं नाव कोणत्या साली बदललं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. कागदाबरोबर कागदाची ओळखही मिळायची, आणि त्यांनी त्याचे पैसे कधी घेतले नाहीत.

मोठं काम असलं तर हैदराबाद. रात्रीची बस, तीनशे किलोमीटर, पहाटे उतरून तारनाक्याला. तिथल्या राज्य अभिलेखागारात शहाजहान आणि औरंगजेबाच्या काळातले फारसी कागद आहेत, निजामाच्या खात्यांची दप्तरं आहेत. चिठ्ठीवर क्रमांक लिहून द्यायचा आणि वाट बघायची. पेन चालत नसे, पेन्सिलीनेच उतरवून घ्यायचं. हात दुखून यायचा, पण एक फायदा असायचा जो तेव्हा फायदा वाटत नव्हता. मागवलेला कागद ज्या गठ्ठ्यातून यायचा, त्या गठ्ठ्यातले शेजारचे कागदही डोळ्यांखालून जायचे. एका गावाचा तंटा शोधायला गेलेला माणूस दुष्काळाच्या तगाईचा तक्ता बघून परत यायचा, आणि पुढची काही वर्षं त्या तक्त्याच्याच मागे लागायचा. आमच्या भागातले कितीतरी हौशी इतिहासकार असेच तयार झाले.

मग नेट कॅफे आले. साधारण 2000 नंतरची ही गोष्ट. आदिलाबादच्या बसस्टँडजवळच्या कॅफेत लाकडी कप्पे होते आणि तासाचा दर पाटीवर लिहिलेला असायचा. तोपर्यंत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया उभी राहिली होती. तिच्यात जुनी मराठी पुस्तकं होती, ज्यांची नावं आम्ही फक्त ऐकली होती. पानं मात्र टिफ प्रकारच्या चित्रांत होती, आणि ब्राउझरला टिफ दाखवता येत नसे. त्यासाठी वेगळं प्लगिन बसवायचं. कॅफेच्या संगणकावर काही बसवायची परवानगी मागावी लागे, आणि पुढच्या वेळी दुसरा संगणक वाट्याला आला की पुन्हा तीच मागणी. पान उघडलं की पुढचं पान वेगळं मागवायचं. तेवढ्यात वीज गेली की पहिल्यापासून.

त्या दिवसांत कोणती गोष्ट कोणत्या ब्राउझरमध्ये उघडते हे ठाऊक असणं ही विद्याच होती. सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी ओळ असायची की हे इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, अमुक इतक्या रुंदीच्या पडद्यावर चांगलं दिसेल. ती सूचना नसून अट असायची. अ‍ॅक्टिव्हएक्सवर चालणारी दर्शकं दुसऱ्या कुठल्या ब्राउझरमध्ये उघडतच नसत. मराठी वर्तमानपत्रांचे फाँट स्वतःचे असायचे, ते वाचताना आपोआप उतरायचे, पण एक्सप्लोररमध्येच. 2004 च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स आला. तो वेगवान होता, पण त्यात तीच बातमी उघडली की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसायची. मग 'पद्मा' नावाचा एक जोड आला. तो फायरफॉक्समध्ये बसवला की ती रांग युनिकोड देवनागरीत बदलून समोर यायची. मला अजून त्याची धन्यता वाटते. कुणीतरी कुठेतरी बसून आपल्या लिप्यांसाठी एवढं केलं होतं. आमच्या कॅफेवाल्या पोराने तर संगणकाच्या डोक्यावर एक कागदच चिकटवला होता: कोणतं पान कशात उघडायचं. येणारा प्रत्येक जण त्यात आपली भर घालून जायचा.

त्या कागदावरचं आज काहीच उरलेलं नाही, आणि ते चांगलंच झालं. 2008 ला क्रोम आला, दोन वर्षांनी त्याच्या पोटातच पीडीएफ उघडू लागली. 2013 मध्ये फायरफॉक्सनेही पीडीएफ स्वतः दाखवायला घेतली. मग जुनी प्लगिनं एकेक करून बाहेर गेली: क्रोममधून 2015 ला, फायरफॉक्समधून 2017 ला. 2020 च्या अखेरीस फ्लॅश थांबलं, पुढच्या वर्षी सिल्व्हरलाइट, आणि 15 जून 2022 ला इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला. ज्या संस्थांनी आपली दर्शकं वेळेवर बदलली नाहीत त्यांचे कागद काही काळ अंधारात गेले. स्कॅन होते, सर्व्हर होता, पण उघडायला कुणाकडे काही उरलं नव्हतं. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचं मूळ संकेतस्थळही बंद पडलं. सुदैवाने तिथली 4 लाखांहून अधिक पुस्तकं 2017 मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर चढवली गेली होती, म्हणून ती आज आपल्या हातात आहेत.

आता पडदा कोणताही असो, ब्राउझर कोणताही असो, पान उघडतं. हे किती मोठं आहे ते उटनूर-जैनूरच्या रस्त्यावर कळतं. 1940 मध्ये जोडेघाटला गोंडांच्या उठावाचे नेते कोमरम भीम मारले गेले. त्यानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणं शोधायला निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाला इकडे आणलं. ते आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ मारलवाईला राहिले. 1943 मध्ये तिथे गोंड शिक्षकांची शाळा निघाली आणि गोंडीची क्रमिक पुस्तकं देवनागरीत तयार झाली, कारण शिकलेल्या थोड्याफार गोंडांना मराठीमुळे तीच लिपी ठाऊक होती. एलिझाबेथबाईंची समाधी मारलवाईतच आहे. 2012 मध्ये हायमेंडॉर्फांच्या अस्थीही तिच्या शेजारी ठेवल्या गेल्या. पण त्यांनी काढलेले फोटो लंडनला गेले होते. आमच्या पिढीने ते 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' या 1948 च्या पुस्तकात पाहिले, तेही कुणाकडे ती प्रत असली तर. आज लंडनच्या सोआस या संस्थेने त्यांचा संग्रह पडद्यावर ठेवला आहे. मारलवाईच्या पोराच्या साध्या मोबाईलवर तो उघडतो. दोन बोटांनी चित्र मोठं करायचं आणि आपल्या पणजोबांच्या काळचा दंडारी नाच बघायचा.

एका दिवाळीत उटनूरजवळच्या एका घरी मी हे होताना पाहिलं आहे. नातवाने फोटो उघडला, आजोबांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, आणि चेहऱ्यांकडे न बघता मागच्या घराच्या कुडाकडे बघत राहिले. "हे घर उन्हाळ्याआधीचं आहे," म्हणाले, "कूड नवा लिंपलाय." नातू म्हणाला, "आजोबा, फोटोखाली तर तसं काही लिहिलेलं नाही." आजोबांनी उत्तर दिलं नाही. लंडनच्या यादीत ते येणारही नाही, जोवर कुणी ते ऐकून लिहून घेत नाही.

इथेच माझं खरं म्हणणं सुरू होतं. बघणं आता सगळ्यांचं झालं. शोधणं झालेलं नाही.

स्कॅन केलेलं पान हे चित्र असतं. त्यात ब्राउझरचं कंट्रोल-एफ दाबून काही मिळत नाही, कारण ब्राउझरला त्यात अक्षर दिसतच नाही. अक्षर ओळखणारी यंत्रणा त्या चित्रावर आधी फिरलेली असावी लागते. इंटरनेट आर्काइव्हवरच्या मराठी पुस्तकांना कितीतरी वर्षं ती सोयच नव्हती. भाषेच्या रकान्यात मराठी असलं की ओळख शक्य नाही अशी नोंद पडायची. 2020 च्या सुमारास त्यांनी टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर घेतलं, त्याला देवनागरी येते, आणि बघता बघता जुनी पुस्तकं शोधाला उत्तर देऊ लागली. अर्थात खिळ्यांच्या छपाईत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांची गल्लत यंत्र अजून करतं, तेव्हा गावाचं नाव दोन-तीन चुकीच्या रूपांतही घालून बघावं. आणि शोधायचं ते आर्काइव्हच्या वाचनचौकटीतल्या शोधखान्यात. ब्राउझरचा आपला शोध फक्त त्या क्षणी पडद्यावर उतरलेला मजकूर चाळतो, चौकटीतला अख्खं पुस्तक. हा फरक माहीत नसल्यामुळे 'या पुस्तकात आमचं गाव नाही' असं म्हणून उठून गेलेली माणसं मी बघितली आहेत.

जुन्या फाँटांतून बनलेल्या पीडीएफचं दुखणं निराळं. पान स्वच्छ मराठीत दिसतं, पण आत रोमन चिन्हं भरलेली असतात. 'आदिलाबाद' टाइप केलं तर शून्य निकाल, आणि शब्द डोळ्यांसमोर छापलेला! शंका आली तर एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवावी, लगेच कळतं. 'दऱ्या', 'गोऱ्या' यांसारख्या शब्दांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच, आत वेगळे. शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन्ही एकच मानायला कुणी शिकवलं असेल तर ठीक, नाहीतर एका ब्राउझरमध्ये सापडलेला शब्द दुसऱ्यात हरवू शकतो. म्हणून मी आता तेच पान दोन ब्राउझरमध्ये उघडून बघतो, आणि कुणी विचारलं तर त्यालाही तेच सांगतो.

हे झालं छापील देवनागरीचं. आमचा खरा साठा हस्तलिखित आहे, आणि त्याच्याशी झगडायला वेगळंच ज्ञान लागतं. आता सालच घ्या. मुलगा शोधखान्यात '1941' लिहितो आणि कागदावर 1350 असतं, कारण निजामाचा कारभार फसली सनावर चालायचा. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो, एखाद्या वर्षाच्या फरकाने. महिनेही आजूर, दै, बहमन असे. पेशकार साहेबांना हे हिशेब करावे लागत नसत, ते त्या सालांतच वाढले होते. आज ज्याला 590 चा आकडा ठाऊक नाही, त्याच्यासाठी अर्धा संग्रह नसल्यातच जमा.

जिल्ह्याचं नावही एक नाही. 1872 मध्ये सालारजंगांच्या कारभारात सिरपूर-तांडूर नावाचा उपजिल्हा निघाला, त्यात एदलाबाद, राजुरा आणि सिरपूर हे तीन तालुके. 1905 ला स्वतंत्र आदिलाबाद जिल्हा झाला, तरी कचेरी पुढे बरीच वर्षं आसिफाबादला होती. म्हणजे इंग्रजी कागदांत एदलाबादची वेगवेगळी स्पेलिंगं, उर्दूतून आलेल्या यादीत आणखी तिसरं रूप. भारतीय राष्ट्रीय अभिलेखागाराने 2015 मध्ये 'अभिलेख पटल' सुरू केलं तेव्हा घरबसल्या सूची चाळता यायला लागली, ही मोठीच सोय. पण सूचीत ज्या स्पेलिंगने नोंद पडली त्याच स्पेलिंगने ती हाती लागते. म्हणून शोधायला बसण्याआधी मी वहीत नावांची माळ लिहून ठेवतो आणि एकेक नाव घालत जातो.

आणि लिप्या. मोडीला युनिकोडमध्ये 2014 ला जागा मिळाली, गुंजाळा गोंडीला 2018 ला. ज्या लिपीच्या पोथ्या नारनूरच्या एका खेड्यात काही घरांनी सांभाळल्या होत्या आणि हैदराबादच्या अभ्यासकांनी या शतकात जगासमोर आणल्या, ती लिपी आज नियमाने कोणत्याही ब्राउझरमध्ये उमटायला हवी. फाँट नसेल तर मात्र मोबाईल रिकामे चौकोन दाखवतो. फाँट फुकट मिळतात. शाळेतल्या एखाद्या शिक्षकाने दहा मिनिटं दिली तर वर्गातल्या सगळ्या मोबाईलवर ती अक्षरं दिसतील, आणि ती दिसलीच पाहिजेत.

2023 च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठा आरक्षणासाठी मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा हे सारं एकदम घरोघरी पोचलं. समिती निजामकालीन कागदांसाठी हैदराबादला गेली. मराठवाड्यातल्या जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर जुन्या नोंदवह्यांची स्कॅन केलेली पानं चढली. आमचे नातेवाईक किनवट, नांदेड, हिंगोलीकडे पसरलेले. त्यांच्याकडून दिवसभर मोबाईलवर पानं येऊ लागली. पान उघडायचं सगळ्यांच्या मोबाईलवर, कुणाच्या क्रोममध्ये, कुणाच्या दुसऱ्या कशात. प्रश्न मात्र सगळ्यांचा तोच: "हे काय लिहिलंय, कुणाला वाचता येईल?" मोडी वाचणारे आणि जुनी उर्दू वाचणारे म्हातारे एकाएकी हवेसे झाले. ज्यांच्या ओट्यावर वर्षानुवर्षं कुणी गेलं नव्हतं तिथे गाड्या थांबल्या. 2 सप्टेंबर 2025 ला कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा शासन निर्णय निघाल्यावर ही धावपळ आणखी वाढली. आरक्षणाच्या वादात मी इथे पडत नाही. पण स्कॅन हा अर्धाच रस्ता आहे, हे एवढ्या लोकांना एका वेळी कळण्याचा दुसरा प्रसंग माझ्या तरी आठवणीत नाही.

आमचे पेशकार साहेब तोवर राहिले नव्हते. त्यांच्या डोक्यात पटवाऱ्यांच्या हातांची जी यादी होती ती त्यांच्याबरोबर गेली. तशी माणसं बोथ, उटनूर, आसिफाबाद, राजुऱ्याकडे अजून थोडी आहेत, बहुतेक ऐंशीच्या पुढची. त्यांच्यासमोर पडद्यावरचे स्कॅन ठेवावेत, ते वाचतील तसं टाइप करून घ्यावं, गावांची सगळी रूपं एका यादीत आणावीत आणि फसली सालापुढे इसवी साल लिहावं. एवढं झालं की शोधखान्याला उत्तर द्यायला काहीतरी मिळेल. कॉलेजची पोरं हे करू शकतात. त्यांना उर्दू येत नाही, म्हाताऱ्यांना टायपिंग येत नाही. दोघं एका बाकावर बसले की जमतं. मी तसं बसवून पाहिलं आहे. संध्याकाळपर्यंत पहाणीचं एक पान होतं, आणि उठताना दोघांनाही उठवत नाही.

मग उरते सीमा. 1956 मध्ये राजुरा आणि किनवटचा भाग आमच्यापासून निघून पलीकडे गेला. त्यामुळे किनवटच्या माणसाचे त्याआधीचे कागद हैदराबादच्या बाजूला, पुढचे नांदेडला. राजुऱ्याचे पुढचे चंद्रपूरला. 2016 मध्ये उरलेल्या आदिलाबादचेही चार जिल्हे झाले, तेव्हा मारलवाईचा माणूस आता कोमरम भीम आसिफाबादच्या यादीत शोधतो. जिवती आणि केरामेरीच्या मधल्या चौदा गावांना तर दोन्ही राज्यं आपलं म्हणतात, आणि तिथल्या एकाच वावराच्या नोंदी दोन भाषांत सापडू शकतात. जगातली मोठी ग्रंथालयं 2011 पासून ट्रिपल-आय-एफ नावाचं एक सामाईक मानक पाळू लागली आहेत. त्यामुळे दोन वेगळ्या संस्थांची पानं एकाच ब्राउझरच्या खिडकीत शेजारी शेजारी उघडता येतात. हैदराबादच्या आणि महाराष्ट्राच्या अभिलेखागारांनी ते स्वीकारलं, तर परमडोलीच्या शेतकऱ्याला आपल्या शेताचा उर्दू कागद आणि मराठी कागद एकत्र बघता येईल. यंत्राच्या बाजूने त्याला काही अडचण नाही.